खुबा, खांब आणि माय

हिंगणघाटच्या घरी आजी न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा उजवा खुबा मोडला. वर्ध्याला नेलं, ऑपरेशन झालं, मोडलेल्या भागाच्या जागी धातूचा बॉल बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी खाटेशेजारी वॉकर आणून ठेवला आणि सांगितलं, आज आजींना उभं करायचं. आजींचं वय ब्याऐंशी.

वाद त्या वॉकरवरून पेटला. एका बाजूला आजींचा मुलगा, म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो, तेव्हा इथेही मामाजीच. बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्त झाले तरी कुठल्याही इमारतीत शिरताना आधी स्लॅबकडे बघतात. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची, आजींची नात. ती मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवते, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हातात हाड देऊन ते डाव्या अंगाचं की उजव्या, हे ओळखायला लावते. मी घरचा जावई. अशा वेळी जावयाने दोन्हीकडे मान हलवायची असते, ती मी हलवली. मामाजींचं बोलणं त्यांच्याच बोलीत ठेवलं आहे. सरळ करून लिहिलं तर त्यातला ठसका जातो.

"मले एक सांग," मामाजींनी सुरुवात केली. "खांबाले तडा गेला का आम्ही काय करतो? वरचं वजन उतरवतो, टेकू देतो, आन् त्याले कोनाले हात लावू देत नाई. साधा स्लॅब टाकला तरी अठ्ठावीस दिवसांनी त्याची ताकद मोजतो. आन् इथी काल बसवलेल्या सांध्यावर आज बुढीले उभी करून राहिले!"

"मामा, आजीच्या खुब्यात जे सिमेंट भरलंय ते पंधरा मिनिटांच्या आत घट्ट होतं. तुमचे अठ्ठावीस दिवस इथे लागू नाहीत."

"सिमेंट घट्ट झालं, हाडाचं काय? हाड म्हणजे शेवटी खांबच ना? कवटी वर, पाय खाली, मधी कना. सारं वजन खाली उतरते. नाईतर मानूस मासाच्या गोळ्यावानी पडून राह्यला असता."

"आमच्या कॉलेजात एक खरा सापळा आहे. दोनशे सहा हाडं, सगळी जागच्या जागी, तारेनं जोडलेली. तो उभा कसा आहे माहीत आहे? कवटीच्या टाळूत हुक आहे, त्या हुकानं स्टँडला टांगलाय. हुक काढला तर क्षणात ढीग होईल. खांब असते तर स्वतःच्या पायावर उभे राहिले नसते का?"

मामाजी थोडे गप्प झाले. हुकाची गोष्ट मलाही नवी होती, खरं तर डोळ्यांसमोर असून कधी लक्षात न आलेली. शाळेपासून आपण सापळा बघतो तो टांगलेलाच. (असे खरे सापळे पूर्वी कलकत्त्याहून जगभर जात. सरकारने १९८५ साली मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा तो धंदा उघडपणे तरी थांबला. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे असतात.)

"मंग उभं कोन ठेवते?"

"स्नायू. हाडं दाब सोसतात, स्नायू आणि अस्थिबंध ओढून धरतात. तुम्ही नुसते उभे असता ना, तेव्हाही पोटऱ्या, मांड्या, पाठ यांचं ओढणं-सोडणं चालूच असतं. म्हणून तर माणूस बेशुद्ध झाला की कोसळतो. हाडं तीच असतात, ओढणारं थांबलेलं असतं. तुमचा खांब इमारतीतली सगळी माणसं झोपली तरी पडत नाही."

हा मुद्दा मामाजींनी मान्य केला नाही, पण बाजू बदलली. ते ताकदीवर आले. एम ट्वेंटी म्हणजे एका चौरस मिलिमीटरला वीस न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट, असं माझ्याकडे बघत सांगितलं आणि भाचीला विचारलं, तुझ्या हाडाचं किती. मांडीच्या हाडाची कठीण भिंत साधारण १७० न्यूटन दाब सोसते, असं ती म्हणाली. मामाजींच्या भुवया वर गेल्या.

"आन् ताण?"

"एकशे तीसच्या आसपास."

"ताणातही?" आता ते सरळ होऊन बसले. काँक्रीट ताणात अगदीच दुबळं असतं, दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं. म्हणून तर त्यात सळई घालावी लागते. "मंग हाडात सळई कोनती?"

"कोलॅजन. प्रथिनाचे धागे. त्या धाग्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. बरगडीचं हाड सौम्य आम्लात ठेवलं तर क्षार विरघळतात आणि धागे राहतात. मग त्या हाडाला गाठ मारता येते. उलट हाड जाळलं तर धागे जातात, आकार तसाच राहतो आणि बोटानं दाबलं की चुरा होतो."

मामाजी खूश झाले, कारण आपला खांब जिंकला असं त्यांना वाटलं. भाचीने त्यांना तसं वाटू दिलं आणि मग झुरिकची गोष्ट काढली. मला ही गोष्ट फार आवडली. १८६६ च्या सुमारास तिथे हर्मान फोन मायर नावाचे शरीररचनाकार होते. मांडीचं हाड उभं कापून त्याच्या वरच्या टोकातली जाळी ते दाखवत असत. खुब्याजवळ हे हाड सरळ नसतं. त्याला तिरकी मान असते, मानेच्या टोकाला गोळा असतो आणि तो गोळा कमरेच्या खोबणीत फिरतो. आतून ते पोकळ नाही, भरीवही नाही. हाडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते आणि त्या पट्ट्या कमानीसारख्या वळत जातात. ती जाळी कार्ल कुलमान नावाच्या इंजिनिअरने पाहिली. हे पूल आणि क्रेन यांच्यातले ताण-दाब कागदावर रेघा काढून शोधणारे गृहस्थ. बाकदार क्रेनवर वजन टांगलं की तिच्यात दाब कुठून जाईल आणि ताण कुठून, याच्या ज्या रेघा ते काढत, तशाच रेघा त्यांना हाडात दिसल्या.

"म्हंजे देवानं बेंडिंग मोमेंटचा डायग्राम काढून हाड बनवलं. मी काय म्हनत होतो?"

"थांबा. पुढचं ऐका. १८९२ साली यूलियस वोल्फ या बर्लिनच्या डॉक्टरने असं मांडलं की वजन पडायची दिशा बदलली की जाळीची दिशाही बदलते. हाड वाकडं जुळलं तर नव्या भाराप्रमाणे आतल्या पट्ट्या नव्याने रचल्या जातात. त्याच्या मांडणीतलं गणित पुढे बरंच दुरुस्त झालं, पण मूळ गोष्ट टिकली. नकाशा आधी आणि हाड नंतर असं नाही, मामा. आपण चालतो, त्या चालण्यातून नकाशा तयार होतो. तुमचा कुठला खांब वरून जास्त लोक गेले म्हणून जाड झालाय?"

मामाजींकडे याला उत्तर नव्हतं. ती पुढे सांगत गेली. हाडात एक प्रकारच्या पेशी जुनं हाड खरवडून काढतात, दुसऱ्या तिथे नवं भरतात, आणि तिसऱ्या हाडाच्या आत खोल बसून कुठे किती भार पडला हे टिपतात. मोठ्या माणसाच्या सापळ्यातला साधारण दहावा हिस्सा वर्षभरात असा बदलून निघतो. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. अंतराळवीरांना पायांवर वजनच पडत नाही, तर त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला टक्का-दीड टक्का झिजतं.

"आजीला तीन महिने खाटेवर ठेवलं तर आपण तेच करणार. शिवाय मांडीचे स्नायू त्याआधीच जातील, पाठीला जखमा होतील, छातीत कफ साठेल, पायातल्या शिरेत गुठळी होऊ शकते."

यावर मामाजी जे बोलले ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांचे आजोबाही खुबा मोडून पडले होते. त्या वेळी ऑपरेशन कुठलं. पायाला दोरी, दोरीला विटा, आणि खाट. "पाठीले जखमा झाल्या. पावसाळाभर होते, मंग गेले. कोनी त्याईले उठवलं नाई म्हनून गेले असं मी म्हनत नाई. पन मी लहान होतो, मले वाटे, विटा काढल्या तर पाय तुटून पडन." मग थोड्या वेळाने म्हणाले, "अजून वाटते."

भाचीने यावर शास्त्र सांगितलं नाही. तिने त्यांची काठी उचलली. मामाजींचा उजवा गुडघा दुखतो आणि काठी ते उजव्याच हातात धरतात, जशी बहुतेक लोक धरतात.

"ही डाव्या हातात घ्या."

"दुखनं उजव्याले, काठी डाव्याले?"

"तुम्हीच हिशेब करा. माणूस साठ किलोचा. चालताना एक पाय उचलला की उरलेला, म्हणजे पन्नासेक किलोचा भार टेकलेल्या पायाच्या खुब्यावर. पण तो भार खुब्याच्या बरोबर वर नाही, शरीराच्या मध्यरेषेकडे आहे, म्हणून कंबर आतल्या बाजूला कलायला बघते. तिला बाहेरून कोण खेचून धरतं? कुल्ल्याचा स्नायू. त्याचं अंतर खुब्यापासून निम्मं."

मामाजींच्या ओठांची हालचाल सुरू झाली. "अंतर निम्मं तर जोर दुप्पट. शंभर. शंभर आन् पन्नास... दीडशे?"

"दीडशे किलो. साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर, नुसत्या चालण्यात, प्रत्येक पावलाला. आता काठी पलीकडच्या हातात धरली तर ती खुब्यापासून किती लांब पडते बघा. थोडासा जोर दिला तरी कंबर सावरते आणि स्नायूला तेवढं ओढावं लागत नाही. त्याच बाजूला धरली तर हा फायदा जातो. गुडघ्यालाही तेच."

काठी हात बदलून गेली. पण हरल्यासारखं वाटलं की मामाजी सगळ्यात चांगला प्रश्न विचारतात, हा माझा जुना अनुभव आहे.

"बरं, चालल्यानं हाड पक्कं होते. वापरल्यानं वाढते. मंग आपल्या वावरात कापूस वेचनाऱ्या बायाईची कंबर काऊन जाते? जन्मभर त्या बसत नाईत. निंदनाले उकिडव्या, वेचनीले वाकून, कमरेले ओटी बांधून, आन् घरी येताना डोक्यावर सरपन. तुझ्या हिशेबानं तर त्याईचा सापळा लोखंडाचा पाह्यजे होता. चाळिशीत वाकून जातेत त्या."

व्हरांड्यात बाजूला बसलेली एक बाई हे ऐकून हसली आणि पदराने तोंड पुसून दुसरीकडे बघू लागली.

भाचीला उत्तर द्यायला वेळ लागला. हाड आणि मणक्यातली गादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथून तिने सुरुवात केली. हाडाला रक्त भरपूर; झिजलं तर भरून काढता येतं. दोन मणक्यांमधल्या गादीला मोठ्या वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. दाबलं की पाणी बाहेर, सोडलं की आत, यावर ती जगते. रात्री झोपेत ती फुगते, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. सांध्यातल्या कूर्चेचंही असंच. हालचालीने तिचं पोषण होतं, पण त्यासाठी दाबण्याइतकंच सोडणंही लागतं. वाकून तासन् तास राहिलं तर सोडणं होतच नाही.

"आणि वाकल्यावर भार किती, तेही करा. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे पाचेक सेंटिमीटरवर. पुढे हातातलं ओझं चाळीसवर."

"आठपट," मामाजी लगेच म्हणाले. "दहा किलोले ऐंशी. आन् वरच्या धडाचं वजन निराळंच."

"हो. त्यात बाळंतपणं, दूध न मिळणं, पाळी थांबल्यावर हाडातून वेगाने निघून जाणारं कॅल्शियम. वोल्फचा नियम खोटा नाही, मामा. पण त्याला मधली विश्रांती आणि पोटभर जेवण गृहीत आहे."

"हे तुझ्या पुस्तकात लिहिलं आहे?"

"असं नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

इथे मी मनातल्या मनात मामाजींना मार्क दिले. हालचालीचं कौतुक करणारे आपण बहुतेक लोक सकाळी स्टेडियमला चक्कर मारून कामाला खुर्चीत जाणारे. मजुरीचं वाकणं आणि फिरायला जाणं यांना एकाच नावाखाली ढकलणं सोयीचं आहे, पण हाडांना हा फरक बरोबर कळतो.

मग मामाजींनी बाबा आमटे काढले. हिंगणघाटचा माणूस वादात बाबांना काढणारच. २६ डिसेंबर १९१४ ला बाबांचा जन्म इथलाच. "त्याईचा कना खराब झाला होता. बसताच येत नव्हतं. एक तर उभं राहाचं, नाईतर आडवं व्हाचं. खराब झालेल्या हाडाले आरामच लागते, अजून काय पुरावा पाह्यजे?"

"तुम्ही अर्धंच सांगता. १९८५ साली तशाच पाठीने ते कन्याकुमारीहून काश्मीरला निघाले ना? पोरं सायकलवर, बाबा गाडीत आडवे. आणि उतरल्यावर उभे राहून बोलायचे."

"गाडीत खाट होती का नाई? तो टेकूच ना?"

"टेकू नको असं मी कुठे म्हणतेय? वॉकर काय आहे मग?"

दोघेही आपापल्या बाबांवर खूश होते. पवनारचे विनोबाही येऊन गेले. मार्च १९५१ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी पायी निघालेले विनोबा एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परतले. किडकिडीत देह आणि पोटाचं जुनं दुखणं. मामाजींच्या मते हे मनोबळ, भाचीच्या मते रोज थोडं थोडं चालण्याचा परिणाम. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, म्हणून तो मुद्दा लवकर संपला.

रक्ताचा मुद्दा मात्र संपवण्यासारखा नव्हता. मामाजींनी विचारलं होतं की मोडलेलं हाड खिळे ठोकून जोडायचं सोडून बॉलच का बदलला. खर्च वाढवायला, अशी त्यांची खात्री होती. भाची म्हणाली, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या बारीक असतात आणि त्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्याही तुटतात. मग खिळा कितीही पक्का बसवला तरी आतला गोळा उपाशी मरायची भीती. म्हातारपणी तो धोका घेत नाहीत.

"हाड मरते?"

"आपल्या भागात तर फार. सिकलसेलची पोरं बघा." विदर्भात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटतं. विशी-पंचविशीतला मुलगा लंगडत येतो. कुठे पडलेला नसतो, काही मोडलेलं नसतं. एक्स-रेमध्ये गोळा चपटा झालेला दिसतो. "भार तोच, खुबा तोच, नुसतं रक्त गेलं. आणि हे रक्त तयार कुठे होतं? हाडातच, मगजात. तुम्ही खांब म्हणता त्याच्या आत हे सगळं चालतं."

तिथून बोलणं दत्तपूरला गेलं. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. मामाजी नोकरीत असताना त्या भागात रस्त्याच्या कामावर होते. बोटं आखूड झालेली माणसं सूत काततात, शेती करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. रोग बोटं खातो, असंच तेव्हा सगळे म्हणत.

"रोग मज्जातंतू खातो," भाची म्हणाली. "संवेदना जाते. चटका लागला, काटा रुतला, कळत नाही. जखम चिघळते, जंतू हाडापर्यंत जातात आणि हाड हळूहळू विरघळून आखूड होतं. पायाची हाडंही तशीच जातात. न दुखणाऱ्या पायावर माणूस मोडलेल्या हाडाने चालत राहतो."

"म्हंजे दुखनं पाह्यजे."

"पाहिजे. आजीला उभं करताना दुखेल. किती दुखतं, कुठे दुखतं हे ती सांगेल, त्याप्रमाणे आपण थांबू. दुखलं की झोपवायचं, असा मात्र त्याचा अर्थ नाही."

मामाजींनी पटलं असं म्हटलं नाही. त्यांनी विषय बदलला आणि न्हाणीवर आले. न्हाणीत दांडा बसवायचा, खाली खरबरीत फरशी घालायची, उंबरठा काढायचा, संडासाला उंच कमोड, कारण नव्या बॉलवर उकिडवं बसायचं नाही. हे सगळं ते एका दमात बोलले आणि तेवढ्यात खिशातून टेप काढला. दांडा दोन फूट आठ इंचांवर, असं सांगून टाकलं.

"कोणाच्या मापाने?" भाचीने विचारलं. "हात सैल सोडून उभं राहिल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे दांडा हवा. वॉकरचंही तेच माप. आजी पाच फूटही नाही."

"मंग माप कसं घेऊ?"

"पायात चप्पल घालून तिला उभं करावं लागेल."

मामाजींनी टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खोलीत गेले. आत फिजिओथेरपिस्ट होता. त्याने आजींना खाटेच्या कडेला बसवलं, पाय जमिनीला लागू दिले, घेरी येते का विचारलं. आजी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी वॉकर घट्ट धरला आणि मुलाला दोन अस्सल शिव्या दिल्या. मामाजी खाली वाकून टेप धरत होते. माप भरलं अडीच फूट, वर अर्धा इंच. ते त्यांनी डिस्चार्जच्या कागदांच्या मागे लिहून घेतलं.

दांडा बसला, फरशी झाली. ओट्याच्या दोन पायऱ्यांचं मात्र अजून ठरत नाही. मामाजींचं म्हणणं, पायऱ्या फोडून रॅम्प करायचा. एकास बारा उताराचा नकाशा त्यांनी काढून ठेवला आहे. भाचीचं म्हणणं, पायऱ्यांना कठडा लावा, पण त्या राहू द्या, आजी त्या चढत होत्या आणि परत चढतील. आजींचं मत कोणी विचारलेलं नाही. नकाशावर भाचीने लाल पेनाने कठडा तेवढा ठेवून बाकीचं खोडलं आहे, आणि मामाजींनी त्याची नवी प्रत काढायला टाकली आहे.